अँबेसेडरची टायमिंग चेन: ठिपके समोरासमोर येईनात

सिंहगडरोडकर
नमस्कार मंडळी, वडलांची मार्क फोर अँबेसेडर आहे, १४८९ सीसी पेट्रोल. बरेच दिवस स्लोला इंजिनच्या पुढून खळखळ यायची, कात्रजचा घाट चढताना गाडीत जीवच नसायचा आणि टायमिंग लाइट मारला की पुलीवरची खूण एका जागी थांबत नव्हती. शेवटी रेडिएटर आणि पुली काढून पुढचं कव्हर उघडलं, खालच्या क्रँकवरून (पिस्टनने फिरणारा शाफ्ट) वरचा कॅम (व्हॉल्व उघडणारा शाफ्ट) फिरवणारी टायमिंग चेन अगदीच लोंबतेय. नाना पेठेतून नवी आणलीय. जुनी उतरवायच्या आधी दोन्ही गिअरवरचे खुणेचे ठिपके समोरासमोर जुळवावेत म्हणून क्रँक फिरवला तर खालच्या गिअरचा ठिपका वर आला पण कॅमच्या गिअरचा पण वरच, म्हणजे बरोबर उलट्या बाजूला. ओळखीचा मेकॅनिक म्हणतो आधी कुणीतरी चुकीची बसवलीय, डिस्ट्रिब्युटर (प्लगना स्पार्क वाटणारा) काढून सगळं नव्याने लावू. खरंय का?

जुनाबाजारवाला
डिस्ट्रिब्युटरला हात लावू देऊ नकोस राव! क्रँक अजून एक पूर्ण फेरा फिरव. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमचा एक होतो, त्यामुळे ठिपके दर दुसऱ्या फेऱ्यालाच समोरासमोर येणार. हाताने जड जात असेल तर प्लग काढ, टॉप गिअर टाक आणि कुणाला तरी गाडी हळू पुढे ढकलायला सांग. डिस्ट्रिब्युटर कॅमवरूनच फिरतो, तो जागेवर असेल तर स्पार्कचं गणित फारसं बिघडत नाही, उपटलास तर मात्र नसतं काम वाढेल. आणि ठिपके अगदी रेषेत नाही आले, कॅम जरासा मागे दिसला तर घाबरू नकोस, चेन ताणली की तसंच होतं. घाटात ओढ का गेली त्याचं उत्तर तेच, व्हॉल्व पण उशिरा आणि स्पार्क पण उशिरा.

भोसरी_लेथ
+१. नुसती चेन आणलीय की गिअर पण? दात एका बाजूला वाकल्यासारखे झिजले असतील तर नवी चेन त्यावर टाकून काही उपयोग नाही, लवकरच परत वाजायला लागेल.

नवशिक्या_हडपसर
जुन्या चेनच्या कड्यांवर रंग लावून ठेवला आणि नवीवर तेवढीच कडी मोजून खूण केली तर चालेल ना? यूट्यूबवर तसंच दाखवतात.

जुनाबाजारवाला
ते वेगळ्या इंजिनांना, ज्यात चेनवरच रंगीत कडी येतात. इथे खुणा गिअरवर आहेत, चेनचं कुठलंही कडं कुठेही बसू दे. क्रँकची चावी (शाफ्टवर गिअर अडकवणारी खुंटी) बरोबर वर ठेवायची, कॅमची साधारण घड्याळातल्या एक वाजण्याच्या जागी. मग दोन्ही गिअर चेनमध्ये घालून ठिपके समोरासमोर धरायचे आणि जोडी एकदमच शाफ्टवर सरकवायची, कॅम जरा हलवावा लागला तर हलवायचा. कॅमच्या नटाचं लॉक वॉशर शक्यतो नवंच टाक. मग इंजिन चालतं त्याच दिशेने दोन फेरे फिरवून ठिपके परत बघ.

सिंहगडरोडकर
जुळले!! एका फेऱ्यात आले समोरासमोर, कॅम किंचित मागे. गिअर पण घेऊन आलो, नवी जोडी चढवली. कव्हर लावू का आता?

भोसरी_लेथ
थांब थांब. दोन्ही गिअर एका पातळीत आहेत का ते बघितलंस का? हे कुणी बघतच नाही. कॅम गिअरच्या दातांच्या कडेवर स्टीलची सरळ पट्टी आडवी धर आणि क्रँक गिअरपाशी किती फट राहते ते फिलर गेजने (फट मोजायची पातळ पाती) मोज. फट असेल तर क्रँक गिअर काढून मागे तेवढ्या जाडीच्या शिम (पातळ चकत्या) टाकायच्या. जुन्या गिअरमागच्या शिम तिथेच असतील, फेकू नकोस पण डोळे झाकून तेवढ्याच ठेवू पण नकोस, नव्या गिअरला माप वेगळं लागू शकतं. चेन तिरकी पळाली की दातांची एकच बाजू खाते.

आणि कव्हरचे बोल्ट आधी ढिलेच ठेव. सीलला तेल लाव, पुली आत सरकव म्हणजे कव्हर आपोआप मध्यावर येतं, मग बोल्ट आवळ. नाहीतर सील एका बाजूने दाबलं जातं आणि खाली तेलाचं थारोळं. ऑइल थ्रोअरवर (तेल झटकणारी क्रँकवरची चकती) एफ अक्षर असेल तर ते बाहेरच्या बाजूला.

सिंहगडरोडकर
पट्टी लावली, क्रँक गिअर थोडा आत आहे. जुन्या शिम सापडल्या पण एक वाकलीय. उद्या रविवार, जुन्या बाजारात बघतो.

जुनाबाजारवाला
वाकलेली घरी ठोकून सरळ करत बसू नको. बाजारात नाही मिळाली तर भोसरीवाल्यांकडे जा, ते कापून देतील. आणि सगळं लागलं की इग्निशन टायमिंग परत लाइटवर घे, चेन ढिली असताना लावलेलं आता पुढे गेलेलं असणार.