आघाडी तुटली तेव्हा तुम्ही कुठल्या बाजूला होतात? (अनुभव धागा)

25 सप्टेंबर 2014, घटस्थापना. शिवसेना-भाजप युती आणि काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडी एकाच दिवशी फुटल्या, विधानसभेचे अर्ज भरायची शेवटची तारीख 27. युतीवर भरपूर बोलून झालंय. आघाडीत प्रत्यक्ष काम केलेल्यांनी लिहा, टीव्हीवरचं नको. पक्षभक्तांनी जरा दमानं.

फ्लेक्सवाला: तालुक्याला आमचं दुकान. हात डावीकडे, घड्याळ उजवीकडे, कुणाचा फोटो केवढा यावरनं आठवडाभर भांडून डिझाईन ओके झालेलं. संध्याकाळी फोन, सगळं थांबव. थोड्या वेळानं दुसऱ्या पार्टीचा, त्यांना तेच पाहिजे फक्त हात काढून. रात्रभर मशीन चालू. एका उमेदवाराकडनं अजून पैसे येणं आहे, नाव नाही घेत, तो आता तिसऱ्याच पक्षात आहे.

जुना खोंड: अहो मुळात जुळली तीच उलटी. जून 1999 ला राष्ट्रवादी निघाली, सप्टेंबरात आम्ही एकमेकांविरुद्ध मतं मागितली, सख्ख्या चुलतभावाशी बोलणं बंद, आणि ऑक्टोबरात विलासराव मुख्यमंत्री, भुजबळ उपमुख्यमंत्री. वरचे एक झाले, आम्ही गावात वाकडे ते वाकडेच. 2004 ला विधानसभा एकत्र लढलो आणि तिथंच माशी शिंकली. राष्ट्रवादी 71, काँग्रेस 69, तरी मुख्यमंत्री काँग्रेसचा. बदल्यात खाती घेतली म्हणे, पण कार्यकर्त्यानं खाती काय चाटायचीत? दहा वर्षं मी ते 71-69 भावाला ऐकवलं.

बचतगटवाली: मी काँग्रेसची, पण आमची जागा राष्ट्रवादीकडे. 2009 ला घरोघरी "आपल्याकडे हात नाही, घड्याळ दाबा" सांगत फिरले. 2014 ला मशीनवर दोन्ही. एक म्हातारी म्हणे, "अवो बाई, मांगच्या टायमाले तुमीच त घड्याळ सांगतलं होतं." काय बोलणार, चहा पिऊन निघाले.

सध्या दुबई: सगळे जागावाटपावर खापर फोडतात. लोकसभेत काँग्रेस 2, राष्ट्रवादी 4 आल्यावर राष्ट्रवादीनं विधानसभेच्या निम्म्या, म्हणजे 144 मागितल्या हे खरं, पण 2009 ला 114 वर लढलेच होते ना? बिनसलं 2011 पासनं. शिखर बँकेचं, म्हणजे राज्य सहकारी बँकेचं, राष्ट्रवादीच्या हातातलं संचालक मंडळ बरखास्त, मग त्यांच्याच सिंचन खात्याच्या कारभारावर श्वेतपत्रिका, वर काँग्रेसचे मुख्यमंत्री पृथ्वीराजबाबा (चव्हाण) फाइलींवर सह्या करत नाहीत ही ओरड. मी तेव्हा मुंबईत एका नेत्याच्या ऑफिसात होतो, मित्रपक्षाच्या वाट्याच्या जागांवरचे इच्छुकांचे बायोडाटा ऑगस्टातच फाइलला लावत होतो. घटस्थापनेला फक्त जाहीर झालं.

पोलिंग एजंट: निकालाच्या दुपारी मोजणी केंद्राबाहेर दोन्हीकडचे पडलेले एकाच गाड्यावर भजी खात होतो. आमच्या मतदारसंघात दोघांची मतं मिळवली तर निवडून आलेल्यापेक्षा जास्त भरत होती, राज्यात काँग्रेसच्या 42 जागा आणि राष्ट्रवादीच्या 41. तेवढ्यात बातमी, राष्ट्रवादीचा भाजपला बाहेरून पाठिंबा. शेजारचा घड्याळवाला आमची नजर चुकवत उठला, बिल मात्र त्यानंच दिलं.

धागाकर्ता: 2019 ला परत एकत्र आले आणि 125-125 वाटून घेतल्या. मग 2014 ला निम्म्या द्यायला काय झालं होतं, कुणाला आतलं माहीत असेल तर लिहा.