अनुभव धागा: बारावीचा निकाल ते कॉलेजचा पहिला दिवस, मधल्या दिवसांत पोरांच्या सोबत कोण असतं?

पाऊलवाट (धागाकर्ती)

निकालाचे दिवस आलेत म्हणून हा धागा काढतेय. मी पुण्यात एका वस्तीत गेली नऊ वर्षं शनिवार-रविवार दहावी ते बारावीच्या मुलांना शिकवते, आम्ही सातआठ जण आहोत, कुणी बँकेतून कुणी शाळेतून कुणी घरचं आवरून येतं. पहिली तीन वर्षं आम्ही फक्त शिकवलं. मार्क पडले की पोरं पुढे जाणारच असं धरून चाललो होतो.

मग एक मुलगी आली. आई चार घरची धुणीभांडी करायची, वडील नाहीत, बारावीला ८३ टक्के, सीईटीचं पर्सेंटाईल पण छान, ओबीसीतून पुण्यातच कॉम्प्युटरला सीट लागली आणि आम्ही वर्गात पेढे वाटले. जातीचा दाखला होता, व्हॅलिडिटी म्हणजे जात पडताळणीचं प्रमाणपत्र नव्हतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि खरं सांगते, मलाही तेव्हा माहीत नव्हतं की दाखला वेगळा आणि पडताळणी वेगळी. मुदत संपली, आरक्षणातली सीट गेली, ओपनची फी भरणं शक्यच नव्हतं. मुलीने बीएस्सीला ॲडमिशन घेतली. तिची आई मला एवढंच म्हणाली, "ताई, तुम्ही होतात ना सोबत."

तेव्हापासून आम्ही अकरावीच्या दिवाळीच्या सुट्टीत कागद काढायला बसतो. प्रत्येक पोराची एक प्लास्टिकची फाईल, आत वरच्या पानावर यादी चिकटवलेली: जातीचा दाखला, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, डोमिसाईल, टीसी, आधार, बँक पासबुक. मिळालं की पोर स्वतः टिक करतं. दोन वर्षं झाली, कागदामुळे आमच्याकडची एकही सीट गेली नाही.

तुम्ही कुणाला कॉलेजपर्यंत पोचवलं असेल किंवा तुम्हाला कुणी पोचवलं असेल तर लिहा. लांबलं तरी चालेल.

सेतूवाला

ताई मी तालुक्याच्या ठिकाणी सेवा केंद्र चालवतो, मराठवाड्यात. जून-जुलैमधे माझ्या दारात सकाळी सातला रांग लागते आणि रांगेतलं निम्मं पोर एकटंच आलेलं असतं कारण बापाचा रोज बुडतो. माझा अनुभव असा की अडतं ते बहुतेक नावात. आधारला शिवाजी, टीसीवर शिवाजीराव, आजोबाच्या उताऱ्यावर शिवा. तिन्ही एकच माणूस हे गावाला माहीत पण कागदाला नाही, मग प्रतिज्ञापत्र करा, राजपत्रात नाव छापून आणा, यात महिना जातो.

ज्यांना व्हॅलिडिटी काढायचीय त्यांनी जुना पुरावा आधी शोधायला घ्या. एससीला १० ऑगस्ट १९५० च्या आधीचा, एसटीला ६ सप्टेंबर १९५०, व्हीजेएनटीला म्हणजे विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा. आजोबा-पणजोबा ज्या शाळेत गेले तिथला प्रवेश-निर्गम उतारा सगळ्यात भारी. शाळेचं तोंड पाहिलं नसेल तर तहसीलच्या रेकॉर्डला कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल मागा. एका पोराच्या पणजोबाची नोंद सापडली ती मोडीत होती, पान एवढं जुनं की बोट लावलं तर कडा झडायची, जातीच्या रकान्यात नुसतं 'कु' (म्हणजे कुणबी) आणि पुढे टिंब. मोडी वाचणारे एक रिटायर गुरुजी शेजारच्या गावात होते, त्यांना मोटरसायकलवर बसवून आणलं. गुरुजींनी भिंग धरून नाव वाचलं, मग पोराच्या बापाला जवळ बोलावून त्याचं बोट त्या अक्षरावर ठेवलं आणि म्हणाले हे तुझ्या आज्याचं नाव. बाप रडायला लागला, त्याने आज्याचं नाव कधी लिहिलेलं बघितलंच नव्हतं.

अजून एक, जेईई-नीटच्या केंद्राच्या जागांसाठी ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात वेगळा लागतो, राज्याचा चालत नाही. दरवर्षी पोरं यात फसतात.

सातपुड्याचा

मी पोचवलेला आहे म्हणून लिहितो. धडगावकडचा, आश्रमशाळेत शिकलो, घरात पावरी बोलतो, मराठी ही माझी शाळेतली भाषा. बारावीपर्यंत सगळं मराठीत आणि सीईटीला बसलो तर फिजिक्स केमिस्ट्री मराठीत मिळालं पण गणिताचा पेपर फक्त इंग्रजीत असतो. मला गणित यायचं पण प्रश्न काय विचारतोय ते कळायचं नाही. आमच्या शाळेतल्या एका सरांनी दोन महिने रोज रात्री जेवणानंतर मला आणि अजून चौघांना बसवून फक्त शब्द शिकवले. गणित नाही, शब्द. फाइंड, इफ, देन, रिस्पेक्टिव्हली, ॲट लीस्ट. एका दोनशे पानी वहीत डाव्या बाजूला इंग्रजी, मधे मराठी, उजवीकडे आम्ही आमच्या बोलीत लिहायचो. ती वही अजून आहे माझ्याकडे.

नाशिकला इंजिनिअरिंगला नंबर लागला तेव्हा सर स्वतः एसटीने सोबत आले. पूर्ण दिवसाचा प्रवास, घाटात मला उलटी झाली, सरांनी खिशातून आवळासुपारी दिली. कॉलेजात गेल्यावर खिडकीपाशी फीचा आकडा सांगितला तो ऐकून मी मागे फिरलो होतो, सरांनी हात धरून परत नेलं आणि तिथल्या साहेबांना शांतपणे सांगितलं की पोरगा शिष्यवृत्तीत बसतोय, फी त्यातून येणार, आत्ता पूर्ण रक्कम मागू नका. मी एकटा असतो तर संध्याकाळच्या गाडीने घरी परतलो असतो. हे मी शंभर टक्के खात्रीने सांगतो.

वसतिगृहात जागा नव्हती, मग आदिवासी मुलांच्या स्वयम योजनेतून राहण्या-जेवण्याचे पैसे बँकेत यायचे पण पहिला हप्ता यायला फेब्रुवारी उजाडला. जुलै ते फेब्रुवारी कसं काढलं ते सांगत बसत नाही. जे कुणी मदत करतात त्यांना विनंती, ॲडमिशन झाली म्हणून फोन बंद करू नका. पहिले सहा महिने जास्त अवघड असतात. मी दिवाळीला घरी आलो तेव्हा परत न जाण्याचं ठरवूनच आलो होतो, सर घरी आले, माझ्या आईशी बोलत बसले, मला काहीच बोलले नाहीत, निघताना फक्त म्हणाले सोमवारी गाडीवर सोडायला येतो. आज मी नोकरीला आहे, दर उन्हाळ्यात आठ दिवस रजा टाकून आमच्या शाळेतल्या पोरांचे फॉर्म भरायला जातो.

डॉ_मेळघाट

सातपुड्याचा, तुमची वही वाचून अंगावर काटा आला. आम्ही काही रेसिडेंट डॉक्टर मिळून मेळघाटातल्या मुलांना नीटसाठी शिकवायचो, सुट्टीच्या दिवशी अमरावतीहून जायचो. नीट मराठीतून देता येते पण आमची मुलं दोन्हीच्या मधे लटकायची, पुस्तक इंग्रजी, डोक्यात मराठी, घरात कोरकू. सेल वॉल म्हटलं तर कळायचं नाही आणि पेशीभित्तिका म्हटलं तरी कळायचं नाही. मग कुडाच्या भिंतीचं आणि आतल्या माणसांचं उदाहरण देऊन सुरुवात केली, नाव नंतर.

पण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं ते निगेटिव्ह मार्किंग. बरोबरला चार, चुकलं की एक वजा. पहिल्या सराव पेपरला आमच्या सगळ्या मुलांनी एकही प्रश्न कोरा सोडला नाही आणि जवळपास सगळ्यांचे मार्क शंभरच्या खाली. एका मुलीला विचारलं, हे येत नव्हतं तर गोल का भरला? तर म्हणाली, सर, लहानपणापासून सांगितलंय पेपर कोरा ठेवायचा नाही, काहीतरी लिहून यायचं. बरोबरच होतं तिचं, शाळेत तसंच सांगतात. पुढचे चार रविवार आम्ही फक्त सोडायला शिकवलं. प्रश्न वाचायचा, येत नसेल तर पेन खाली ठेवायचं, पुढे जायचं. त्या मुलीला पेन खाली ठेवायला फार त्रास व्हायचा, हात थरथरायचा. दुसऱ्या प्रयत्नात तिला बीएएमएसला सीट मिळाली, आता इंटर्नशिप चालू आहे.

वर्कशॉप

थोडं वेगळं बोलतो, कुणी रागावू नका. मी पॉलिटेक्निकला शिकवतो. गरीब घरातल्या हुशार पोराला सगळेजण अकरावी सायन्सला ढकलतात आणि मग दोन वर्षांच्या क्लासचा खर्च झेपत नाही म्हणून बारावीला पोरगं गळतं. दहावीनंतर डिप्लोमा केला तर तीन वर्षांत हातात काम येतं आणि पुढे शिकायचं असेल तर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. माझ्याकडे गवंड्याचा मुलगा होता, सिव्हिल डिप्लोमा केला, दोन वर्षं साईटवर काम करून बहिणीचं लग्न लावलं आणि मग डिग्री पूर्ण केली. हा रस्ता पोराला दहावीतच दाखवा, बारावीत नापास झाल्यावर नको.

पाऊलवाट

वर्कशॉप, पटलं. आमच्याकडून ही चूक बरीच वर्षं झाली. आता दहावीच्या पालकसभेत डिप्लोमा केलेल्या माजी मुलांनाच बोलायला बोलावतो, पालक त्यांचं ऐकतात. आणि आठवीतली मुलं ज्यांच्या ओळखीची आहेत त्यांनी एनएमएमएस या शिष्यवृत्ती परीक्षेला जरूर बसवा, निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२ हजार मिळतात. क्लासची नाही तरी पुस्तकं आणि बसपासची सोय होते.

सोलापूरची_मावशी

मी काही समाजसेविका नाही, साधी शिलाईकाम करते. माझ्या बहिणीची मुलगी, आईवडील ऊसतोडीला जातात, ती माझ्याकडे राहून शिकली. बारावीनंतर भावजी म्हणाले बास झालं, स्थळ आलंय. मी नुसतं ऐकलं होतं की २०२४-२५ पासून मुलींना फी माफ झालीय पण नीट माहिती नव्हती. तिच्या कॉलेजातल्या मॅडमनी कागदावर लिहून दिलं की ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या (मराठा आरक्षणातल्या) मुलींना घरचं उत्पन्न आठ लाखाच्या आत असेल तर व्यावसायिक कोर्सची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ, पण कॅप राउंडमधून म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेशातून ॲडमिशन पाहिजे, मॅनेजमेंट कोट्यातून घेतली तर नाही. तो कागद घेऊन मी फडावर गेले कर्नाटकात. पाचटावर बसून भावजींना वाचून दाखवला दोनदा. ते म्हणाले फी माफ आहे तर खायचं काय, राहायचं कुठं. मी म्हटलं माझ्याकडे. फार्मसीला आहे आता दुसऱ्या वर्षाला.

एक सांगते, फॉर्ममधे तिचं जे बँक खातं आधारला जोडलेलं होतं ते शाळेतलं जुनं, बंद पडलेलं. पैसे त्यातच जायला बघत होते. तुम्ही कुठलाही खातेनंबर द्या, शिष्यवृत्ती आधारला जोडलेल्या खात्यातच जाते. आधी बँकेत जाऊन तपासा.

बेंगळुरूहून

मी फक्त फोनवर काम करतो, दर रविवारी विदर्भातल्या तीन मुलांशी. इंजिनिअरिंग-मेडिकल सोडून बाहेर जग आहे हे मला स्वतःला तिशीत कळलं, म्हणून बीए, सोशल वर्क, लॉ, पत्रकारिता असं काही करायचंय त्या मुलांसाठी वेळ देतो. सीयुईटी ही सामाईक प्रवेश परीक्षा २०२२ ला सुरू झाल्यापासून केंद्रीय विद्यापीठांचा रस्ता थोडा सरळ झालाय. यवतमाळच्या एकलव्य संस्थेचं काम यात मोठं आहे, पहिल्या पिढीतल्या शिकणाऱ्या मुलांना टिस (टाटा सामाजिक विज्ञान संस्था), अझीम प्रेमजी विद्यापीठ अशा ठिकाणी पोचवायचं, राजू केंद्रेंनी उभं केलंय ते.

मुलाखतीच्या तयारीत अडतं ते "स्वतःबद्दल सांग" इथे. मुलं म्हणतात, सर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाही. परवा एकजण असंच म्हणाला, अर्धा तास बोलल्यावर कळलं की तो सातवीपासून गावातल्या पंधरा-वीस जणांचे पीकविम्याचे अर्ज भरून देतो. हेच सांग म्हटलं. तो म्हणाला, हे सांगायचं असतं होय?

रयतवाला

आमचे आजोबा साताऱ्याच्या शाहू बोर्डिंगात वाढले. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी, १९२४ ला सुरू केलेलं ते, सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. अडचण आली तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून पोरांना जेवू घातलं. आजोबा सांगायचे की विहिरीवर पाणी ओढायचं, शेतात काम करायचं आणि कंदिलात वाचायचं. ते मास्तर झाले. मी निवृत्त झाल्यावर घराची वरची खोली रिकामी होती ती गावाकडच्या दोन मुलांना कॉलेजसाठी दिलीय, भाडं नाही, सकाळी एकत्र नाश्ता एवढीच अट. तिसरी बॅच आहे. जास्त काही लिहिता येत नाही मला.

नवीन_आयडी

नमस्कार. धागा आत्ता वाचला. मी बारावी झाले, व्हीजेएनटी, हिंगोली जिल्हा. मला उद्या व्हॅलिडिटीचा अर्ज करायचाय पण आमच्याकडे १९६१ च्या आधीचा काहीच कागद नाही, आजोबा पालावर राहायचे. माझ्या मामाची व्हॅलिडिटी आहे, ती चालेल का?

सेतूवाला

पोरी मामाची चालत नाही, वडिलांकडच्या रक्तातलीच लागते. काका, चुलत काका, आत्या, चुलत भाऊ, कुणाचीही बघ. कुणी राखीव जागेवर नोकरीला लागलेलं असेल किंवा सरपंच-मेंबर झालेलं असेल तर त्याची बहुतेक असते. त्याच्या व्हॅलिडिटीची झेरॉक्स, वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि तुझा दाखला घेऊन जा. अर्ज भरल्याची पावती मात्र न विसरता घे.

नवीन_आयडी

चुलत काका आहेत, एसटीत कंडक्टर. ते परभणीला राहतात. वडिलांना आत्ताच विचारलं, त्यांची आहे म्हणाले. सकाळी सहाच्या गाडीने जाते.

पाऊलवाट

परभणी स्टँडच्या जवळ माझी मैत्रीण राहते, ती येईल तुझ्यासोबत. तुझा नंबर इथे टाकू नकोस, मला निरोपात पाठव. मी जागी आहे.