अनुभव धागा: ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय आतून बळ कसं देतो?

इंदुरातल्या ज्या मंडळींचं सहाव्या अध्यायावर सावकाश वाचन झालंय, त्यांनी इथे लिहावं. करून बघता येईल असं, नेमकं लिहा.

राजेंद्रनगर
पारायण आणि चिंतन यांची गल्लत नको. सात दिवसांच्या पारायणात रोज जवळजवळ १३०० ओव्या होतात; त्या वेगात आतला अर्थ उतरत नाही. सहाव्यात सुमारे ५०० ओव्या आहेत, रोज १० धरा. नर्मदेचे नळ यायच्या आधीची वेळ उत्तम, घरात गडबड नसते. ओवी मोठ्यांदा म्हणा. चौथा चरण तोकडा असतो, तिथे श्वास आपसूक सुटतो. तो पूर्ण जाऊ द्या, मगच पुढची. अर्थ दहाही झाल्यावर बघा. दर ओवीला खालच्या अर्थात डोकावलं की लय तुटते.

लोकमान्यनगर
कुंडलिनीबद्दल, म्हणजे देहात निजलेल्या शक्तीबद्दल, लिहायलाच हवं. गीतेच्या श्लोकांत तिचं नाव नाही. नाथपंथातली ही खूण माउलींनी शके १२१२ मध्ये मराठीत उघडी केली, हे केवढं धाडस! पण मूळबंध, जालंधर वगैरे योगातले बंध वाचून घरी लावू नका. पोट ओढून श्वास कोंडणं रक्तदाब किंवा हर्निया असलेल्यांना बाधतं. चक्कर आली, डोकं जड झालं, की लोक त्यालाच जागृती समजतात. तसं नसतं ते. पाठ ताठ, श्वास मोकळा ठेवा आणि २२२-२२३ या ओव्यांतलं चित्र धरा: कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू, साडेतीन वेढे, तोंड खाली, निजलेलं. पाच मिनिटं टिकलं तरी पुष्कळ. भीतीच्या वेळी हेच चित्र कामी येतं. बळ आतच आहे, निजलेलं आहे, एवढी खात्री त्यातून बसते.

सुदामानगर
लोकमान्यनगरच्या काकांशी सहमत. पण बरेच जण कुंडलिनीपाशीच थांबतात. पुढे मन आवरत नाही म्हणून अर्जुन तक्रार करतो, तो भाग रोजच्या उपयोगाचा. माउली म्हणतात, ‘या मनाचें एक निकें’: गोडी लागली की ते तिथेच परत जातं. म्हणून कंटाळा यायच्या आत पोथी मिटा. सातव्या ओवीला गोडी लागली तर दहाचा हट्ट सोडा.

रामबाग
आजारपणात, दुःखात सहावा झेपत नाही. तेव्हा बारावा घ्या, श्लोक ८ ते ११. देव एकेक पायरी खाली उतरत सोपं करत जातो. आठ प्रहरांत निमिषभर चित्त मला दे, इतकंच माउली मागतात. मग पुनवेचा चंद्र अवसेकडे झिजावा तशी विषयांची ओढ ओसरते. ते निमिष रोजच्या कामाला बांधा, सांजवात लावताना म्हणा हवं तर. मोकळ्या वेळेची वाट बघितली की राहूनच जातं.

आणि एकत्र वाचत असाल तर गीतेचा श्लोक सांगा. प्रतीप्रतीत ओवीचा क्रमांक सरकतो.