दोन गुलाबी छटांमधून एक निवडताना: आपले अनुभव

मुलीच्या खोलीसाठी आता दोनच छटा उरल्या आहेत. एक फिकी गुलाबी, निळसर झाक असलेली. दुसरी अबोलीकडे झुकणारी. खिडकी उत्तरेला आहे आणि खोलीचा वापर मुख्यतः संध्याकाळी अभ्यासासाठी होतो. ज्यांनी अशी निवड केली आहे, त्यांनी ती कशाच्या आधारे केली आणि भिंतीवर रंग प्रत्यक्षात कसा दिसला, हे कृपया सविस्तर लिहावे.

नाशिकहून: आमचीही खोली उत्तरेचीच. अशा खिडकीतून वर्षातील बराच काळ थेट ऊन येत नाही, आकाशाचा निळसर उजेड तेवढा येतो, आणि त्यात निळी झाक असलेला गुलाबी जांभळट दिसू लागतो. आम्ही दोन्ही छटांचे सर्वांत लहान डबे आणले, जाड पांढऱ्या पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यांवर प्रत्येकी दोन हात दिले आणि पूर्ण वाळल्यावर ते तुकडे खिडकीसमोरच्या भिंतीवर, खिडकीलगतच्या अंधाऱ्या कोपऱ्यात आणि कपाटाशेजारी ठेवून पाहिले. रात्री ६५०० केल्विनचा (केल्विन हे दिव्याच्या उजेडाच्या छटेचे माप) पांढरा दिवा लावताच निळसर छटा अगदी निस्तेज झाली; २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली तीच छान दिसत होती, मात्र अबोली तेथे नारिंगी वाटू लागली. म्हणून खोलीत दिवा कोणता राहणार हे आम्ही आधी ठरवले आणि मग रंग. माझ्या मते हाच क्रम योग्य आहे.

फोंड्याहून: जमिनीकडेही लक्ष द्यावे. आमच्या जुन्या घराची जमीन तांबड्या सिमेंटची आहे. ऊन पडले की तिची लाली भिंतीच्या खालच्या भागावर चढते. अबोली छटा तेथे फार भडक झाली असती, म्हणून आम्ही निळसर झाकेची घेतली आणि ती आजही आवडते.

पुण्याहून, रंगकामाच्या व्यवसायातून: शेडकार्डावरचा चौकोन पाहून निर्णय घेऊ नये. चारही भिंतींचा उजेड एकमेकींवर पडतो, त्यामुळे तोच गुलाबी खोलीभर लागल्यावर अधिक गडद भासतो. ग्राहक दोन छटांमध्ये अडले असतील तर मी फिकी सुचवतो. भिंतीवर नमुना लावायचा असेल तर जुन्या रंगावर न लावता प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी देण्याच्या अस्तरावर, लावावा आणि वाळल्यावरच पाहावा, कारण इमल्शन (भिंतीचा पाण्यात मिसळणारा रंग) वाळल्यावर साधारणपणे थोडे गडद होते.

ठाण्याहून: पश्चिमेच्या खोलीत मावळतीच्या उन्हात दोन्ही छटा जवळजवळ सारख्याच दिसल्या, तेव्हा पडद्यांशी जुळणारी घेतली. छत मात्र पांढरेच ठेवावे. अभ्यासाची खोली असेल तर नक्कीच, नाहीतर वहीच्या पानावरही गुलाबी झाक येते.