तपासणी वाढली, तर शिकवणे सुधारते का?

प्रश्न (एसडीएमसी म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीचे सदस्य, निपाणी तालुका, कर्नाटक)
आमच्या सरकारी मराठी प्राथमिक शाळेत सीआरपी (आसपासच्या शाळांच्या गटाला भेटी देणारी समूह साधन व्यक्ती) येतात, हजेरीपट, अक्षर दासोहाच्या (मध्यान्ह भोजनाच्या) नोंदी आणि पटसंख्या पाहतात, शेरेबुकात चार ओळी लिहितात आणि पुढच्या शाळेकडे निघतात. तिसरीच्या मुलांना जोडाक्षरे वाचता येतात का, हे मात्र कोणी विचारत नाही. अशा देखरेखीने अध्यापन खरोखर सुधारते का?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक, बेळगाव)
देखरेखीने शिक्षक वर्गात येतो, एवढे नक्की. उदयपूर जिल्ह्यातील अनौपचारिक शाळांत तारीख-वेळ उमटणाऱ्या कॅमेऱ्याने रोजची उपस्थिती नोंदवून पगार तिच्याशी जोडला, तेव्हा गैरहजेरी इतर शाळांच्या ४२ टक्क्यांच्या तुलनेत २१ टक्के राहिली आणि मुलांचे गुणही वाढले. उलट मध्य प्रदेशात शाळांचे मूल्यमापन करून सुधारणेचे आराखडे लिहून घेतले. आराखडे तयार झाले, पण मुलांच्या शिकण्यात फरक दिसला नाही.

उत्तर (शिक्षिका, खानापूर तालुका)
सरांशी सहमत आहे. नलीकलीत, म्हणजे कर्नाटकातील कृतीतून शिकण्याच्या पद्धतीत, पहिली ते तिसरीची मुले एकत्र गटांत बसतात, त्यामुळे दारातून डोकावणाऱ्याला नुसता गलका दिसतो. पूर्वीचे आमचे सीआरपी मात्र गटात मांडी घालून बसत. माझी मुले तक्ता एका सुरात बिनचूक म्हणत. सीआरपींनी एकेकाला वेगळे वाचायला लावले, तेव्हा निम्मी मुले ‘घ’ आणि ‘ध’ यांत गोंधळत असल्याचे उघड झाले. शेरा मारण्याऐवजी त्यांनी पुढचा पाठ स्वतः घेऊन दाखवला आणि शिक्षकांच्या महिन्याच्या समालोचना (आढावा) सभेत तोच विषय ठेवला. सध्याचे सीआरपी सज्जन आहेत, पण त्यांना मराठी वाचता येत नाही. मग मुलांच्या वह्या बाजूला राहतात आणि रकाने तपासले जातात.

उत्तर (सीआरपी, बेळगाव जिल्हा)
बाईंचे म्हणणे मान्य आहे. आम्हीही मुळात शिक्षकच. पण माहिती संध्याकाळपर्यंत पाठवा, असा वरून निरोप आला की त्या दिवशीची शाळाभेट कागद गोळा करण्यातच संपते. मराठी शाळांसाठी मराठी जाणणारी व्यक्ती नेमणे आणि प्रत्येक भेटीत निदान वर्गातला एक पूर्ण तास पाहणे बंधनकारक करणे, या दोन गोष्टी बीईओ (गटशिक्षणाधिकारी) स्तरावर होऊ शकतात.

प्रश्नकर्ता
आभार. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेच्या कामकाजावर देखरेख ठेवण्याचा अधिकार पालकांच्या समितीलाही दिलेला आहे. येत्या बैठकीत या दोन्ही मागण्यांचा ठराव मांडून तो बीईओ कार्यालयाकडे पाठवतो.