खोल्या नाहीत असं नाही, सगळ्यांना एकच तास हवा असतो
कॉलेजची इमारत वाढवली की वेळापत्रकाची भांडणं मिटतील, असं म्हणतात; ते मला अर्धंच पटतं. आमच्या कॉलेजात दुपारी दोननंतर अर्धा मजला कुलूपबंद असतो. ओढाताण होते ती खुल्या ऐच्छिक विषयाच्या तासाला. नवं शैक्षणिक धोरण राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून आलं. त्यात हा विषय दुसऱ्या विद्याशाखेतला घ्यायचा असतो. म्हणजे कला, वाणिज्य, विज्ञान, सगळ्यांना तो तास एकाच वेळी मोकळा ठेवावा लागतो आणि नेमका तेव्हाच एकही वर्ग रिकामा मिळत नाही.

त्यात खोल्यांचं वाटप होतं ते मुलांची निवड कळायच्या आधी. मग साठ जणांच्या वर्गात मुलं खिडकीच्या कट्ट्यावर बसून लिहितात आणि शेजारच्या मोठ्या हॉलमध्ये जेमतेम दोन बाक भरतात. आमच्या वेळापत्रक समितीने यंदा सुरुवातीचं वेळापत्रक तात्पुरतं ठेवलं आणि हजेरीपट पक्के झाल्यावर खोल्या बदलल्या. 'आमच्या विभागाची खोली' सोडायला विभागप्रमुख अजिबात तयार नव्हते, प्राचार्यांना मध्ये पडावं लागलं. पण कट्ट्यावरची मुलं बाकांवर आली, नवी भिंत न बांधता.