मदत हवी आहे: एअर रायफलच्या छऱ्यांचं सायझिंग (सगळे एका मापात आणणं) आणि वंगण
०.१७७ इंची स्प्रिंग रायफल, अंतर १० मीटर. एकाच डब्यातल्या छऱ्यांची डोकी मायक्रोमीटरवर ४.४९ ते ४.५३ मिमी भरतात. काही ब्रीचमध्ये (नळीच्या मागच्या तोंडात) सैल पडतात, काही अंगठ्याने रेटावे लागतात. ४.४९वाले बाजूला काढलेत, डायमधून (ठरावीक भोकाचा साचा, त्यातून छरा दाबून काढायचा) ते थोडेच फुगणार!

साबणपाण्याने धुऊन, वाळवून २०० छऱ्यांना सिलिकॉन तेलाचे ३ थेंब लावून घोळवले. १४ मिमीचा ग्रुप (टार्गेटवरच्या भोकांचा फैलाव) २५ वर गेला. स्टॉकचे स्क्रू, ब्रीच सील ठीक आहेत. साधं मशीन ऑइल सुचवू नका, दाबाने पेट घेतं. कोरडे ठेवले तर सांगलीच्या पावसाळ्यात पांढरी भुकटी धरतात.

कुपवाडला लेथवर डाय करून घेतोय. भोक ४.५० ठेवू की ४.५१? आणि वंगण डायमधून काढण्याआधी लावायचं की नंतर?